मायक्रोॲरेचा रिपोर्ट हातात आल्यावर: गुणसूत्रातलं डिलीशन-डुप्लिकेशन कसं वाचायचं

माझ्या मुलाचा पहिला जेनेटिक रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला होता. तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. हृदयाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, दूध नाकातून बाहेर यायचं, मान उशिरा धरली होती. शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात रक्त तपासलं, “४६ आहेत, सगळं व्यवस्थित” असं ऐकलं आणि मुलुंडला घरी येऊन आम्ही पेढे वाटले. अडीच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी मायक्रोॲरे नावाची दुसरी चाचणी सांगितली, तेव्हा कळलं की २२ नंबरच्या गुणसूत्रातला एक तुकडा नाहीच. तो पहिल्या दिवसापासून नव्हता. पहिली चाचणी खोटी नव्हती, तिला एवढं बारीक दिसतच नव्हतं. फक्त ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण तेव्हापासून परळच्या ओपीडींच्या बाकांवर इतके तास गेले आहेत की शेजारी बसलेल्या आईबापांचे रिपोर्ट वाचून दाखवणं हे आपोआपच माझं दुसरं काम झालंय. तिथे जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं तेच इथे लिहिते. औषधोपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोरच्या दहा मिनिटांत काय विचारायचं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी हे विचारा: ‘नॉर्मल’ कोणत्या चाचणीत?

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं. हा ४६ चा आकडा १९५६ मध्ये पक्का झाला. १९५९ मध्ये फ्रान्सच्या जेरोम लेज्यून यांच्या गटाने डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं हे दाखवलं, आणि १९६३ मध्ये त्यांनीच पाचव्या गुणसूत्राचं टोक तुटल्यामुळे होणारा आजार मांडला. त्यात बाळाचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं येतं. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतकं मोठं होतं.

ती जुनी चाचणी म्हणजे कॅरिओटाइप. गुणसूत्रं रंगवून त्यांचे फोटो जोडीजोडीने लावतात. तिला साधारण डीएनएच्या ५० लाख ते एक कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकडा दिसत नाही. माझ्या मुलाचा तुकडा २५ लाखांचा. म्हणजे तो सापडणारच नव्हता.

मायक्रोॲरे ही नवी चाचणी त्याहून कितीतरी बारीक पाहते, लाखभर अक्षरांच्या किंवा त्याहून लहान तुकड्यापर्यंत. मूल उशिरा बोलत असेल, शिकायला मागे पडत असेल, जन्मजात दोन-तीन व्यंगं असतील आणि कारण कळत नसेल, तर पहिली चाचणी मायक्रोॲरेच करावी असा सल्ला तज्ज्ञांनी २०१० मध्ये दिला. अशा मुलांपैकी १५ ते २० टक्क्यांत तिच्यात कारण सापडतं. डाउनसारखी ओळखू येणारी लक्षणं सोडली तर कॅरिओटाइपमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास राहतं. फिश आणि एमएलपीए या नेमकी एखादी जागा तपासणाऱ्या चाचण्या. डॉक्टरांना आधीच संशय असेल किंवा सापडलेली गोष्ट आईबापांत शोधायची असेल तर त्या उपयोगी पडतात.

मायक्रोॲरेलाही न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. जनुकातला एका अक्षराचा बदल त्याला दिसत नाही. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ मंदावणाऱ्या आजारासाठी वेगळी चाचणी लागते. मांड्यांवर हात टेकत टेकत उठणाऱ्या मुलात ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजाराचा संशय असतो. त्यात बहुतेकदा जनुकातला एक किंवा अधिक लहान भाग गळालेले असतात, म्हणून आधी एमएलपीए करतात. अल्फा थॅलेसेमियातलं आपल्याकडे बऱ्याचदा आढळणारं डिलीशन तर जेमतेम ३,७०० अक्षरांचं असतं. तेव्हा कोणी “जेनेटिक टेस्ट झाली, काही नाही” म्हणालं, तर चाचणीचं नाव कागदावर लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं.

कमी आणि जास्त

डिलीशन म्हणजे तुकडा गळालेला, डुप्लिकेशन म्हणजे तुकडा दोनदा आलेला. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात आणि त्यांतून ठरावीक प्रमाणात प्रथिन तयार होतं. पुष्कळ जनुकांचं एका प्रतीवर भागतं. काहींचं अजिबात भागत नाही, आणि काहींना तिसरी प्रतही सोसत नाही. भाजीतल्या मिठासारखं आहे, कमी पडलं तरी कळतं आणि जास्त पडलं तरी कळतं, फक्त तक्रार वेगळी येते.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण १७ व्या गुणसूत्रावर आहे. तिथल्या पीएमपी२२ नावाच्या जनुकाभोवतीचा सुमारे १५ लाख अक्षरांचा तुकडा जास्त झाला तर शार्को-मेरी-टूथ नावाचा नसांचा आजार होतो. पायाचे पंजे कमजोर होतात, चालताना पाऊल लोंबतं. तोच तुकडा कमी झाला तर वेगळंच दिसतं. मांडी घालून थोडा वेळ बसलं किंवा कोपरावर टेकलं तरी त्या जागची नस दबून हात-पाय काही दिवस लुळा पडतो.

सातव्या गुणसूत्रावरच्या ७क्यू११.२३ या जागेचंही असंच. डिलीशन असेल तर विल्यम्स सिंड्रोम: महाधमनीचा मार्ग अरुंद, रक्तात कॅल्शियम जास्त होण्याची शक्यता, आणि मूल अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडणारं. डुप्लिकेशन असेल तर बोलणं उशिरा आणि चारचौघांत जायची धास्ती. जागा तीच, पण एक मूल लोकांकडे धावतं आणि दुसरं आईच्या पदराआड लपतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

आणि एक दिलासा. असे कमी-जास्त तुकडे तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांमध्ये असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. लाळेतून स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, आणि पिढ्यान्पिढ्या स्टार्चवर जगलेल्या लोकांत त्या सरासरीने जास्त सापडल्या आहेत. रिपोर्टमध्ये ‘डुप्लिकेशन’ हा शब्द दिसला म्हणजे आजार झाला, असं नव्हे.

ती एक ओळ

रिपोर्टमध्ये बाकी कितीही मजकूर असला तरी जीव एका ओळीत असतो. तुमच्या कागदावर ती रोमन अक्षरांत असेल, देवनागरीत लिहायची तर साधारण अशी (एआरआर म्हणजे ॲरे):

एआरआर[जीआरसीएच३७] २२क्यू११.२१(१८९०००००_२१४५००००)×१

ही ओळ शेवटाकडून वाचा. ×१ म्हणजे दोन प्रतींऐवजी एकच, म्हणजे डिलीशन. ×३ असेल तर डुप्लिकेशन, ×० असेल तर दोन्ही प्रती नाहीत. मुलग्यात एक्स गुणसूत्र मुळातच एक असल्यामुळे त्याच्यासाठी एक्सवर ×१ हेच बरोबर, तिथे ×० म्हणजे डिलीशन आणि ×२ म्हणजे डुप्लिकेशन.

२२क्यू११.२१ हा पत्ता. सोसायटीच्या पत्त्यासारखाच वाचायचा. २२ ही इमारत. पी म्हणजे आखूड भुजा आणि क्यू म्हणजे लांब भुजा, या तिच्या दोन विंग. पुढचे आकडे मजल्यांचे, पण ते ‘अकरा’ असे वाचत नाहीत, ‘एक-एक पॉइंट दोन-एक’ असे वाचतात. ओपीडीत असं बोललात तर डॉक्टर एकदा मान वर करून बघतात, आणि पुढचं बोलणं थोडं सविस्तर होतं. हा माझा अनुभव आहे.

कंसातले दोन मोठे आकडे म्हणजे तुकडा कुठून कुठपर्यंत. वजाबाकी करा: इथे २५ लाख ५० हजार. रिपोर्टमध्ये हेच २.५५ मेगाबेस म्हणून येईल.

चौकोनी कंसातलं जीआरसीएच३७ लोक सोडून देतात, आणि घोळ तिथेच होतो. मानवी जीनोमचा नकाशा मधूनमधून सुधारला जातो. ३७ ही जुनी आवृत्ती, ३८ नवी. जागा तीच, पण आकडे सरकतात. जुन्या तिकिटावरचं एल्फिन्स्टन रोड आणि आताचं प्रभादेवी हे एकच स्टेशन आहे, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला लागतं. दोन लॅबचे रिपोर्ट ताडून बघताना किंवा इंटरनेटवर आकडे टाकताना आवृत्ती जुळते का ते आधी बघा, नाहीतर शेजारच्याच जनुकाची माहिती वाचून रात्रभर रडत बसाल. मी बसले आहे.

रिपोर्टमध्ये होमोझायगस पट्ट्यांचा (दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या असलेल्या भागांचा) उल्लेख असेल तर एक प्रश्न येईल: “तुमचं नात्यात लग्न झालंय का?” आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलांत सरासरी ६ टक्के जीनोम दोन्ही बाजूंनी सारखा येतो. खरं सांगा. पुढे कोणते आजार शोधायचे हे त्यावरून ठरतं.

आकार नाही, आत काय आहे ते

“किती मोठं आहे?” हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. समजण्यासारखा आहे, पण फारसा कामाचा नाही. जनुकंच विरळ असलेल्या भागातला मोठा तुकडा गळूनही माणूस ठणठणीत असू शकतो, आणि ड्युशेनमध्ये काही हजार अक्षरांनी आयुष्य बदलतं. तेव्हा प्रश्न असा विचारा: “यात कोणती जनुकं आहेत, आणि त्यांतलं एका प्रतीवर न भागणारं कोणतं?” माझ्या मुलाच्या तुकड्यात जवळजवळ ४० जनुकं येतात. हृदयाच्या घडणीशी सर्वांत जास्त संबंध टीबीएक्स१ नावाच्या जनुकाचा.

रिपोर्टचा निष्कर्ष पाच खणांपैकी एकात असतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. त्यातला मधला खण सगळ्यात छळतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला व्हीयूएस म्हणतात. त्याचा अर्थ ‘थोडासा आजार’ असा नाही. हा बदल दोषी की निर्दोष हे ठरवायला आज पुरेसा पुरावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून आजाराचं लेबल लावू नका, पुढच्या गरोदरपणाचे निर्णय घेऊ नका, नातेवाइकांच्या तपासण्या सुरू करू नका. दोन-तीन वर्षांनी लॅबला किंवा डॉक्टरांना त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण करायला सांगा. खण बदललेले मी पाहिले आहेत, आणि ते बहुतेकदा निरुपद्रवीच्या बाजूला गेले.

काही तुकडे याहून अवघड असतात. १६पी११.२ चं डिलीशन किंवा १५क्यू११.२ चं डिलीशन घ्या. ते असलेल्या मुलाला अडचणी येतात, आणि तेच डिलीशन असलेले वडील मजेत नोकरी करत असतात. असे बदल शक्यता वाढवतात, नशीब ठरवत नाहीत. त्यातही १५क्यू११.२ चा परिणाम इतका सौम्य असतो की तेवढ्यावर सगळं खापर फोडण्याआधी दुसरं कारण शोधणं योग्य.

आईबापांचं रक्त

ही पायरी लोक टाळतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

रिपोर्ट आला त्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, “हे कोणाकडचं गं? आमच्यात तर असं कोणी नाही.” मी म्हटलं, “आई, दोघांचंही रक्त जाणार आहे, तोवर कोणाकडचंच नाही.” दोघांतही सापडलं नाही. २२क्यू११.२ डिलीशनमध्ये दहापैकी नऊ वेळा असंच असतं, ते बाळातच नव्याने घडलेलं असतं. या जागेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसारखे दिसणारे लांबलचक पट्टे आहेत. बीज तयार होताना जोडीची गुणसूत्रं शेजारी येतात तेव्हा, शर्टाचं बटण एक काज चुकून लागावं तसे चुकीचे पट्टे जुळतात. एका बीजात तुकडा कमी पडतो, दुसऱ्यात जास्त होतो. ग्रहणात भाजी चिरल्याने किंवा पपई खाल्ल्याने हे होत नाही, आणि आईच्या वयाचाही संबंध नसतो. सासूबाईंना हे बटणाचं उदाहरण पटलं. आता त्या स्वतःच ते लोकांना सांगतात.

याचा व्यवहारातला उपयोग असा. बदल नव्याने घडलेला असेल तर पुढच्या बाळात तो पुन्हा येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते. शून्य नाही, कारण आईबापांच्या काही बीजपेशींतच तो लपलेला असू शकतो. दोघांपैकी एकात सापडला तर प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के. आणि त्या आईला किंवा वडिलांना स्वतःचीही तपासणी लागते. ठाण्याच्या एका जोडप्यात वडिलांचं बोलणं लहानपणापासून गेंगाणं होतं, बोटं अधूनमधून वाकडी होऊन आखडायची. मुलीच्या रिपोर्टमुळे पस्तिसाव्या वर्षी त्यांचं कॅल्शियम पहिल्यांदा तपासलं गेलं.

एक खूण लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये एका गुणसूत्राच्या टोकाला डिलीशन आणि दुसऱ्याच्या टोकाला डुप्लिकेशन असेल, उदाहरणार्थ ४ कमी आणि ८ जास्त, तर आईबापांपैकी एकात त्या दोन टोकांची अदलाबदल झालेली असू शकते. त्या व्यक्तीत कमी-जास्त काहीच नसतं, म्हणून मायक्रोॲरेत ती नॉर्मल दिसते. इथे आईबापांचं कॅरिओटाइपच करावं लागतं, तुकडा लहान असेल तर फिशही. मी ज्या चाचणीवर चिडले होते तीच इथे नवीपेक्षा वरचढ ठरते. वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांनाही ती याचसाठी सांगतात.

१५क्यू११-क्यू१३ ची गोष्ट तर आणखी निराळी. तुकडा वडिलांकडच्या प्रतीतून गळाला तर प्रॅडर-विली: बाळपणी अंग ढिलं, नंतर न शमणारी भूक. आईकडच्या प्रतीतून गळाला तर अँजेलमन: झटके, तोल न सांभाळणं, बोलणं जवळपास नाही. कोणाकडची प्रत गेली हे मिथायलेशन चाचणी सांगते.

रिपोर्टनंतरची कामं

निदानाचा खरा फायदा हा की काय काय तपासायचं याची यादी मिळते. ती तुकड्यागणिक वेगळी असते. माझ्या मुलाची सांगते, म्हणजे अंदाज येईल.

२२क्यू११.२ डिलीशनमध्ये हृदयाचा इको, रक्तातलं कॅल्शियम आणि ते सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी, थायरॉइड, किडनीची सोनोग्राफी, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी, ऐकणं, टाळू आणि मणके बघतात. कॅल्शियम एकदा बरोबर आलं म्हणून सोडू नका. मोठा ताप, ऑपरेशन, वयात येणं, अशा वेळी ते पुन्हा घसरतं आणि झटका येऊ शकतो. एमएमआरसारख्या जिवंत लसी टी-पेशींचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच. ऑपरेशनमध्ये रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएट केलेलं (किरणांनी प्रक्रिया केलेलं) लागेल का, हे आधीच विचारा. आणि कोणी घोरण्यासाठी ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) काढायचं म्हणालं तर निदान सांगा. टाळू कमजोर असेल तर ॲडेनॉइड काढल्यावर बोलणं आणखी गेंगाणं होऊ शकतं. मोठेपणी सुमारे चारांतल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो, हेही मला सांगितलं गेलं. ते ऐकणं अवघड होतं. पण आता त्याची झोप बिघडली किंवा तो एकदम गप्प झाला तर कोणाकडे जायचं हे मला ठाऊक आहे.

याच जागेचं डुप्लिकेशन बहुतेकदा फार सौम्य असतं आणि पुष्कळदा आईकडून किंवा वडिलांकडूनच आलेलं असतं. वरची यादी त्यांना जशीच्या तशी लावू नका.

मुंबईत आपली सोय इतरांपेक्षा बरी आहे. परळचं केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ खालचं उत्कृष्टता केंद्र आहे, त्याच आवारात रक्ताच्या आजारांसाठी राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, आणि लहान मुलांसाठी वाडिया जवळच. बोलणं-ऐकणं यासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी रिपोर्टची वाट पाहू नका. मूल बोलत नसेल तर बोलण्यावर काम आजच सुरू करता येतं.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल एक गैरसमज आहे. जेनेटिक रिपोर्टवर ते मिळत नाही. बौद्धिक क्षमता, वाचा, ऐकणं यांचं मोजमाप करून टक्के ठरतात, आणि २०१६ च्या कायद्यातल्या बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के लागतात. रिपोर्ट सोबत जोडा, पण मूल्यमापन वेगळं करून घ्या.

पुढच्या गरोदरपणाबद्दल थोडक्यात. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन मायक्रोॲरे करता येतो. आईच्या रक्तावरची एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्यात डिलीशनचा संशय आला तर गर्भजल तपासल्याशिवाय काहीही ठरवू नका. पीसीपीएनडीटी कायद्यामुळे या रिपोर्टमध्ये बाळाचं लिंग सांगत नाहीत, विचारूही नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्याचं राज्याच्या वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर २४ आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. तरीही तारखा हातातून निसटतात, म्हणून आईबापांचं रक्त गरोदर राहण्याआधीच देऊन ठेवा.

शेवटी फाइल. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर, प्लास्टिकच्या कव्हरात, ती एक ओळ आहे. खाली तारीख, चाचणीचं नाव, नकाशाची आवृत्ती, आईबापांचा निकाल, शेवटचं कॅल्शियम आणि ‘रक्त चढवण्याआधी विचारा’ असं लाल पेनने. त्या पानाचा फोटो नवऱ्याच्या, सासूबाईंच्या आणि वर्गशिक्षिकेच्या फोनमध्ये आहे. गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून मी कुर्ल्याला लोकलमध्ये अडकले, आणि इकडे तापात मुलाचे हात आखडायला लागले. सासूबाईंनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन फोन पुढे केला आणि म्हणाल्या, “आधी कॅल्शियम बघा.”